घेटोला मराठीत काय म्हणतात?

वीस वर्षं मराठी शिकवते आहे, हे आता सांगायचीही लाज वाटते.

आमच्या चिखलीच्या शाळेतल्या छोट्या संग्रहालयात ज्यू लोकांच्या इतिहासाचं दालन मांडत होतो. फलकांचा मजकूर माझ्याकडे होता आणि मी 'घेटो' या एका शब्दापाशी तीन दिवस अडले होते. बाबा याच शाळेचे हेडमास्तर होते. त्यांचा जाडजूड शब्दकोशही चाळून झाला.

फलक रंगवणारे वानखडे पेंटर ब्रश धरून ताटकळले होते. "मॅडम, मतलब तर सांगा."

"एकाच जातकुळीच्या माणसांना वेगळ्या वस्तीत ठेवायचं, बाकीच्यांत मिसळू द्यायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडे असलं काही नव्हतंच ना, वानखडेभाऊ, म्हणून तर मराठीत शब्द सापडत नाही!"

मी हसलेसुद्धा. ते हसले नाहीत. त्यांनी ब्रश पुसला आणि खाली बघतच, अगदी हळू आवाजात म्हणाले,

"शब्द हाये ना, मॅडम. तुमच्या बाबांनी शाळेत माह्यं नाव घातलं, तवा पत्ता म्हणून तोच लिवला होता."