दोरीचं मागचं टोक

"ओढलं की थांबायचं, काकू. झाड व्हायचं. झाड कधी कुणाच्या मागं ओढत जातं का?" कुत्र्यांना शिकवणारा मास्तर म्हणाला.

काकू झाड झाल्या. पुढच्या क्षणी ते झाड गल्लीच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानासमोर उभं होतं आणि त्याची एक चप्पल घराच्या फाटकापाशीच राहिली होती.

झाडाला तिथवर घेऊन गेलेला कुत्रा तांबूस, रुंद छातीचा. नाव पार्सल. काकूंचे यजमान पोस्टमन, नाव त्यांनीच ठेवलेलं. कुत्र्यानं पोस्टमनवर जीव टाकल्याचं जगाच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण, असं गल्लीत अजून सांगतात. उन्हाळ्यात पोस्टमन गेले आणि दोरी काकूंच्या हातात आली. तेव्हापासून पार्सल त्यांना अशा वेगानं फिरवून आणायचा, की लांबून काकू दिसल्या की विजेचे खांबसुद्धा अंग चोरून उभे राहायचे.

लेक राहिलेली चप्पल हातात घेऊन फाटकाशी उभी होती. काकूंना परत येताना बघून ती म्हणाली, "आई, कोपर बघ तुझं. परवाचं खरचटलेलं अजून सुकलं नाही. आज नाही जमलं तर संध्याकाळी गोदामवाले त्याला राखणीला घेऊन जातील, मी सांगून ठेवलंय. तिथं मोकळा तरी राहील."

"आणि मी?" काकू म्हणाल्या.

ते लेकीपर्यंत पोचलंच नाही. काकूंची सगळी नोकरी वाचनालयात गेली. कुजबुजून कुजबुजून आवाज असा झिजला होता, की त्या शिंकल्या तरी शेजारच्याला वाटायचं कुणीतरी पान उलटलं.

"हुकूम द्या त्याला," मास्तर म्हणाला. "एकच शब्द. थांब!"

"थांबतोस का रे राजा? जरा थांबलास तर बरं होईल."

"हा हुकूम नाही, काकू. हा अर्ज झाला."

शेवटची फेरी ठरली. मास्तरनं खिशातला बिस्किटाचा चुरा काकूंच्या मुठीत दिला आणि दोरी सैल ठेवायला बजावलं. पार्सल निघाला. दोरी ताणली, मग खांदा ताणला, मग काकू एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशा पळायला लागल्या. बेकरी मागं पडली, सायकलचं दुकान मागं पडलं, मुठीतला चुरा वाटेवर सांडून गेला. त्यांनी कशीबशी मान वळवून पाहिलं, तर लेकीनं फोन कानाला लावला होता.

तेव्हा काकूंच्या तोंडून, त्यांना न विचारताच, निघून गेलं.

"अहो, हळू चाला की जरा!"

पार्सल थांबला. असा गपकन, की त्याचं शेपूट थोडं पुढं जाऊन मग जागेवर परतलं.

नुसता पार्सलच नाही. 'अहो' हा शब्द मोठ्यानं म्हणावाच लागत नाही. गल्लीतले यच्चयावत नवरे थबकले. गॅलरीत दाढी करणाऱ्या एकाचा हात गालावरच राहिला, एक जण शिडीवरून अर्धा उतरला आणि भाजीची पिशवी घेऊन चाललेल्यानं तर "काय गं?" असंसुद्धा विचारलं.

पार्सल मागं बघत उभा होता. काकू धापा टाकत जवळ येईपर्यंत हलला नाही. दोरी दोघांच्या मध्ये झोळीसारखी लोंबत होती.

मास्तर धावत आला. "हे कुणाला म्हणालात, काकू?"

काकू लाजल्या. "ह्यांना. सवयीनं गेलं तोंडातून. हे आणि हा पुढं, मी मागं. रोजचंच होतं."

"मग काका थांबायचे?"

"छे! ते कसले थांबतायत. हा थांबायचा. मग ते ह्याला ओढायचे, चल म्हणून."

मास्तरनं खिशातलं उरलेलं बिस्कीट काढलं आणि स्वतःच खाल्लं. "मग शिकवून झालंय की तुमचं. मी उगाच घसा कोरडा केला."

लेक तोवर येऊन पोचली होती. "बाबा थांबायचे नाहीत? मला कधी दिसलं नाही ते."

"तुला कसं दिसेल?" काकू तिच्या हातातली चप्पल घेऊन पायात सरकवत म्हणाल्या. "लहानपणी तू त्यांच्या खांद्यावर असायचीस."

लेकीनं जरा बाजूला जाऊन गोदामवाल्यांना फोन केला, येऊ नका म्हणून सांगितलं.

"आता तुम्ही एकट्या त्याला घरापर्यंत न्या," मास्तर म्हणाला. "त्याच्याशी बोलत चाला. आवाज कानावर राहिला की तो पुढं जायचा नाही. काय वाटेल ते बोला."

काकू निघाल्या. पार्सल त्यांच्या गुडघ्याशी, पावलाला पाऊल लावून. सायकलचं दुकान आलं, बेकरी आली. काकूंनी दोनदा घसा साफ केला. एकदा पदर सारखा केला.

"मी काय म्हणते..."

पार्सल थांबला. मान वर करून, कान टवकारून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

काकू भर रस्त्यात दोरी धरून उभ्या. या वाक्याच्या पुढं जायची आजवर कधी वेळच आली नव्हती.