यंदा काय सोडणार?

उद्यापासून ईस्टरआधीचं चाळीस दिवसांचं व्रत, म्हणून डिम्फना घरातलं लोणी आणि अंडी संपवायला पॅनकेक करत होती. आयर्लंडमधल्या अख्ख्या गॉलवे शहरात आज एकच चौकशी चालते, काय ‘गिव्ह अप’ करणार? त्या दोन शब्दांत सिगारेट मावते, नोकरी मावते, माणसाची आशासुद्धा मावते.

“मी बिअर सोडतोय,” तिचा नवरा फिंटन तव्याकडे बघत म्हणाला. “तू?”

“साखर.”

“गेल्या साली चहा सोडलास, त्याच्या आधी मांस. अगं, यंदा असम्प्टाशी धरलेला अबोला सोड की! सख्खी बहीण तुझी. आईच्या किटलीवरून एवढं कुणी धरून बसतं का? ईस्टर झाला की समोरचं घर सोडून ती लेकाकडे चाललीय कॅनडाला, कायमची.”

डिम्फनाने पॅनकेक जरा जोरातच उलटला.

“तुला व्रतातलं काही कळत नाही, फिंटन. व्रतात जिवापाड जपलेलं काहीतरी सोडायचं असतं.”

“म्हणून तर म्हणतोय,” फिंटन म्हणाला.