घरमालकिणीची सही

"नव्या करपद्धतीत तुमचे वर्षाला अकरा हजार वाचतायत," ऑफिसातल्या अकाउंट्सच्या बाई त्याला समजावत होत्या. "शिवाय घरभाड्याच्या पावत्या जोडायची कटकट नाही. तरी जुनीच पद्धत ठेवायची?"

"जुनीच."

"तुमचं आपलं काहीतरी भलतंच," म्हणत त्यांनी जुन्या पद्धतीपुढे खूण केली.

घरी येऊन त्याने पावत्या आईपुढे ठेवल्या. घर आईच्या नावावर होतं आणि कागदोपत्री तो तिचा भाडेकरू होता. आईने चष्मा लावला आणि बाराही पावत्यांवर सावकाश सह्या केल्या.

"खालच्या मजल्यावरची म्हणत होती, हल्ली या पावत्या लागत नाहीत म्हणे."

"आमच्याकडे लागतात. नसल्या तर माझा कर वाढतो."

"तुझा कर वाचतोय म्हणून घेते हो मी हे भाडं," आई पेनाचं टोपण लावत म्हणाली. "नाहीतर माझं आहे त्यात भागतं."

तिचं कसं भागायचं, ते त्याने पाहिलं होतं. भाडं सुरू होण्याआधी ती रक्तदाबाची गोळी अर्धी करून दोन दिवस पुरवायची.