लागतंय का?

दुपारी गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला ती शाळेतून थेट नवऱ्याच्या सलूनमध्ये शिरली आणि बेसिनपाशीच्या खुर्चीत जाऊन बसली.

"केस धुवायचेत," ती म्हणाली.

नवरा गडबडला. "अगं, मग घरी..."

"घरी तुम्ही हात लावत नाही."

त्याने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मुकाट्याने त्याने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला, तिची मान बेसिनच्या खोबणीत टेकवली आणि नळ सोडला.

तिचं गर्भाशय काढल्याला आता बरेच महिने झाले होते. टाके भरले, ती पुन्हा शाळेत शिकवायला जायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तर "आता सगळं पूर्वीसारखं सुरू करा" म्हणून हसत सांगितलं. जाऊ म्हणाली, "सुटलीस बाई, एकदाची कटकट गेली!" नवरा तिला तळहातावरच्या फोडासारखा जपत होता. बादलीसुद्धा उचलू देत नव्हता. पण फोडाला कोणी हात लावत नाही, तसा तो तिलाही लावत नव्हता.

परवा शेवटी तीच त्याच्या कुशीत सरकली. मनात ओढ होती, पण अंगाने दगा दिला. सगळं कोरडं, आवळून धरलेलं. कळ आली तशी ती "आई गं" म्हणाली आणि तो चटका बसल्यासारखा बाजूला झाला. "चुकलो, चुकलो," म्हणत राहिला. रांगेत कुणाच्या पायावर पाय पडावा तसा. मग पाठ फिरवून झोपला. तिला कळ विसरता आली, ते 'चुकलो' काही विसरता येईना. आणि स्वतःच्या अंगावरचा राग, तो आणखी वेगळाच.

आता त्याची बोटं केसांच्या मुळाशी फिरायला लागली. तिचे डोळे आपोआप मिटले.

"पाणी जास्त गरम नाही ना, मॅडम?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

तिने खाडकन डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"अगं, तोंडात बसलंय. सगळ्यांनाच विचारतो."

"सगळ्यांनाच! पाणी गरम आहे का, नखं लागतायत का, मान अवघडली का. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला विचारता. आणि मला लागलं, तर पाठ फिरवून झोपता!"

"हळू बोल गं." त्याचा आवाज पडला. "भीती वाटते मला. आत काही उसवलं तर?"

"मी काय उशी आहे उसवायला? पिशवी काढलीय माझी. मला नाही काढलं!"

तेवढ्यात दार ढकलून एका बाईने डोकं आत घातलं. "वेळ लागेल का हो?"

"लागेल," दोघंही एकदमच म्हणाले.

दार लागलं. फेसाचा ओघळ तिच्या कानाशी आला, तो त्याने करंगळीने पुसला. मग, गिऱ्हाइकांशी बोलतानाचा तो गुळगुळीत सूर न लावता, अडखळत त्याने विचारलं, "कुठे लागतं तुला?"

भांडण तर ती पाठ करूनच आली होती. या प्रश्नाला मात्र तिच्याकडे काहीच तयार नव्हतं. तिने स्वतःलासुद्धा तो कधी विचारला नव्हता.

मग ती बोलायला लागली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा आवाज इतका खाली गेला, की त्याला वाकावं लागलं. तरीही शब्द नीट कळेनात, तेव्हा त्याने नळ बंद केला.