घरचं पाणी

आरुषीला तिसऱ्यांदा उलटी झाली तेव्हा प्रशिकला गाडी थांबवावीच लागली. अरबैल घाटाची निम्मी वळणं अजून बाकी होती. मोबाइलला रेंज नाही, मागंपुढं गाडी नाही. रस्त्याच्या वर झाडीत एक कौलारू घर तेवढं दिसत होतं.

"त्या घरी जाऊया," त्याची बायको प्रीती म्हणाली.

"कशाला? पाणी आहे की आपल्याकडं."

"ते तिच्या पोटात ठरत नाही. बघताय ना तुम्ही? पोरगी पार गळून गेलीय."

हा मुलूख प्रशिकला कलघटगी सोडल्यापासूनच पटला नव्हता. लोक म्हणतात हिरवंगार, हवा काय सुंदर! असेल. त्याला दिसत होती ती झाडाआड लपलेली घरं आणि कुंपणाशी उभी माणसं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची, हसायची नाहीत की बोलायची नाहीत. हुबळीत माणूस निदान तोंडावर शिव्या देतो. इथं कुणाच्या पोटात काय आहे, काही कळायला मार्ग नाही.

त्यानं गाडीतून स्टीलची मोठी बाटली काढून काखेत मारली. हुबळीच्या नवनगरातलं घर सोडून कुठंही जायचं तर स्वतःचं पाणी बरोबर, ही त्याची रीतच होती. त्याच्या अप्पांचा चहाचा पेला गावच्या हॉटेलात वेगळा असायचा, बाहेर खुंटीला अडकवलेला. सात वर्षांच्या आरुषीला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ द्यायचं नाही, असं त्यानं ती जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. कुणाकडं मागायलाच नको, म्हणजे कुणी काही दाखवायलाच नको!

अंगण शेणानं सारवलेलं, मध्ये तुळस. तुळस दिसली आणि प्रशिक मनात म्हणाला, झालं!

पन्नाशीची एक बाई बाहेर आली. तिनं आरुषीचा उतरलेला चेहरा पाहिला आणि लगबगीनं दोन पायऱ्या उतरली. मग तिची नजर प्रशिकच्या काखेतल्या बाटलीवर गेली. ती तिथंच थांबली, क्षणभर बघत राहिली आणि मुकाट्यानं आत गेली.

"बघितलंस?" प्रशिक पुटपुटला.

"काय बघायचं त्यात? आणायला गेली असेल काहीतरी."

आणायलाच गेली होती. पाण्याचा तांब्या, पेला, आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर गुळाचा खडा. इकडं आल्यागेल्याला आधी गूळपाणी देतात. गूळ बघून आरुषीनं दोन्ही हात पुढं केले.

बाईनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. सगळं कट्ट्याच्या टोकाला ठेवलं आणि चार पावलं मागं सरकून उभी राहिली.

"घ्या," ती कानडीत म्हणाली.

प्रशिकच्या डोक्यात सणक गेली. प्रीतीनंही मान खाली घातली, म्हणजे तिनंही पाहिलं होतं. आरुषी कट्ट्याकडं निघाली.

"आरुषी! हात लावू नको."

"पप्पा, गूळ आहे."

"हात लावू नको म्हणतोय ना!"

पोरगी रडकुंडीला आली. बाईनं तिच्याकडं पाहिलं, प्रशिककडं पाहिलं, आणि विचारलं, "तुम्ही कुठले? कुणापैकी?"

हाच प्रश्न. विद्यानगरात भाड्याची खोली बघत फिरताना दर दारात ऐकलेला. प्रशिकचा आवाज चढला.

"हुबळीचे. बौद्ध आहोत आम्ही, जय भीमवाले. झालं समाधान? आता ही भांडी धुऊन आत घेणार, का फेकून देणार?"

"अहो!" प्रीतीनं त्याचा दंड धरला.

बाईला राग आलेला दिसला नाही. ती त्याच्याकडं नवलानं बघत राहिली.

"भांडी कशाला फेकू, अण्णा? बाटली घेऊन तुम्ही आलात. बाटली घेऊन दारात येतात ती माणसं आमच्या हातचं पीत नाहीत. आमची जात विचारतात, मग सावलीला बसतात आणि बाटलीतलंच पितात. मागं एकदा असंच एक पोर आलं होतं. मी हातात गूळ दिला, तर बापानं फाडकन त्याच्या हातावर मारलं. गूळ तिथं पडला, त्या खांबापाशी. तेव्हापासून मी हातात देत नाही. माझ्यापायी पोराला मार कशाला?"

आरुषी त्या खांबाकडं बघायला लागली.

बाई जरा वाट बघून पुढं झाली आणि तिनं तांब्याला हात घातला. "नको असेल तर आत नेते. पण लिंबू आणून देते, ते तरी पोरीला हुंगायला द्या."

हात लावू नको. अप्पांनी जन्मभर ऐकलेले शब्द. ते आज आपल्या तोंडून निघाले, आपल्याच पोरीसमोर, या बाईच्या दारात! प्रशिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं बाटली खाली ठेवली, ती धड उभी राहिली नाही, घरंगळत तुळशीपर्यंत गेली. तिच्याकडं त्यानं वळूनही बघितलं नाही.

"अक्का," तो म्हणाला, "तुमच्या हातानं द्या तिला."

आरुषी जागची हलली नाही. तिनं आधी पप्पांच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं मान हलवली, तेव्हा कुठं तिनं एक हात पुढं केला.

बाईनं पदराला हात पुसले. गुळाचा खडा उचलला. पण तो पोरीच्या तळहातावर ठेवण्याआधी तिनं एकदा प्रशिकच्या हाताकडं बघून घेतलं.