हात काढ!

“शिवीच होती ती,” लॉन्ड्रीमालकाचा वकील ठासून म्हणाला. “मुकादमाला दिलेली. आणि कामावर यांची भाषा बोलायची नाही, असा नियम असताना!”

दुभाष्याने सांगितलं तसा वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नियम म्हणे! इथल्या बायका दिवसभर चकाट्या पिटायच्या, तेव्हा मुकादमाच्या कानात बोळे असायचे. परमुलखातून आलेल्या कुणी तोंड उघडलं, की लगेच कान टवकारायचा. त्या दिवशी ती ओरडली आणि त्याने तिला तडकाफडकी घरी बसवलं.

न्यायाधीशबाई तिच्याकडे वळल्या. “काय ओरडलात?”

“नणंदेची बाही इस्त्रीच्या रोलरखाली चालली होती, बाईसाहेब. तिला सावध केलं. त्या घाईत इथली भाषा कुठून आठवणार?”

“ही नंतर रचलेली गोष्ट आहे,” वकील म्हणाला.

“जसं ओरडलात, तसंच ओरडून दाखवा,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

वहिनीने दुभाष्याकडे वळून पाहिलं. भर कोर्टात ओरडायचं? समोर मुकादम गालातल्या गालात हसत होता. तिने डोळे मिटले. ते तापलेलं लोखंड गरगर फिरताना दिसलं, चादरीबरोबर आत ओढला जाणारा हात दिसला.

“चिमेऽऽ! हात काढ!”

मागच्या बाकावर एकच धांदल उडाली. चिमीने दोन्ही हात छातीशी ओढून घेतले होते. तिच्याच काय, लॉन्ड्रीतून साक्षीला आलेल्या तिच्या मुलखातल्या झाडून साऱ्या बायकांचे हात छातीशी होते. मालक, मुकादम आणि वकील यांचे हात मात्र टेबलावर होते तिथेच.

न्यायाधीशबाईंनी दोन्ही बाजूंना नजर फिरवली. दुभाष्याने घसा खाकरला. “त्या असं म्हणाल्या की...”

“असू द्या. कळलं.”

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. फक्त बाहेरून आलेल्यांच्या तोंडाला कुलूप घालणारा नियम कायद्यात बसत नाही. नियम रद्द. बाईंना त्यांच्या जागेवर परत घ्या.

“काय म्हणाल्या? परत सांगा,” वहिनी दुभाष्याला म्हणाली. त्याने सांगितलं. “अजून एकदा सांगा हो!”

कोर्टाबाहेरच्या बोळात मग नुसता कल्ला झाला. कोणी कोणाला मिठी मारतेय, कोण कशाला रडतेय, काही पत्ता नाही. सगळ्याच बोलत होत्या, ऐकत कोणीच नव्हतं.

एवढ्यात शिपाई लगबगीने आला आणि ओठांवर बोट ठेवून काहीतरी म्हणाला. साऱ्या जागच्या जागी चिडीचूप. वहिनीने चिमीला जवळ ओढलं.

“काय म्हणाला गं तो?”

“हळू बोला म्हणाला, वहिनी!” चिमीला हसू आवरेना. “हळू बोला. गप्प बसा नाही म्हणाला!”