कुणालाही न जुळणारा ट्रेलर

एल्डन कुचेराचा ट्रेलर नेब्रास्कातल्या त्याच्या गावात इतका फिरला होता, की ट्रेलरला स्वतःच्या घरची वाट आठवत नसे. ज्याला ट्रॅक्टर हलवायचा तो सकाळीच दारात हजर. कॉफी ढोसणार, तासभर गप्पा छाटणार आणि ट्रेलर आपल्या पिकअपच्या मागच्या हुकाला अडकवून नेणार.

बायको गेल्यावर एल्डनला कुणाचं तोंड बघावंसं वाटेना. जुना ट्रेलर मोडीत काढून तो ट्रेलरच्या दुकानात गेला आणि दुकानदाराला म्हणाला, “शेजाऱ्यांना मागता येणार नाही, असा दाखव.”

“मग गूजनेक घ्या, काका. ह्याची बगळ्यासारखी मान पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी गोळ्यावर बसते. तुमच्या गावात कुणाच्याच गाडीत तो गोळा नाही. तुमच्या गाडीत मी बसवून देतो.”

पेरणी झाली, मका काढून झाला, पण अंगणात एकही गाडी वळली नाही. एल्डन खिडकीशी बसून राही. बरं वाटतंय की वाईट, तेही त्याला कळेना.



मग एका सकाळी त्याने शेजारच्या मर्लला फोन लावला, “पिकअप घेऊन ये रे इकडे. हौद्यात गोळा बसवून देतो, फुकट.”